फीडबॅकला पाच चांदण्या, परीक्षेत मात्र आडवे: ऑनलाइन कोर्समध्ये पोरं खूश कशाने होतात आणि पास कशाने?

फळाखडू:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. मी खानदेशातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो आणि आमची पोरं स्वयम्-एनपीटेलचे जे कोर्स करतात त्यांचा मेंटॉर म्हणून काम बघतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, हे सरकारी ऑनलाइन कोर्स, लेक्चर्स फुकट, बारा आठवड्यांचा कोर्स, दर आठवड्याला एक असाईनमेंट, आणि सर्टिफिकेट पाहिजे असेल तर हजार रुपये भरून केंद्रावर जाऊन परीक्षा. २५ मार्क असाईनमेंटचे (बारातल्या बेस्ट आठ धरतात), ७५ परीक्षेचे, आणि दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं, २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२१ मध्ये एका सेमिस्टरचे ४०% पर्यंत क्रेडिट अशा कोर्समधून घ्यायची मुभा दिली, तेव्हापासून आमच्याकडे झुंबड असते.

तर मुद्दा असा. कोर्स संपत आला की आम्ही आमचा कॉलेजचा एक फीडबॅक फॉर्म भरून घेतो. सगळीकडे पाच चांदण्या, "व्हेरी हेल्पफुल सर", "फ्लेक्झिबल आहे", "कधीही बघता येतं". आणि निकाल लागला की असाईनमेंटला २५ पैकी २४ आणि केंद्रावर ७५ पैकी २२. म्हणजे काय झालं ते सांगायला नकोच, टेलिग्रामवर उत्तरं फिरतात. एका आठवड्यात तर जवळजवळ अख्ख्या बॅचने सातव्या प्रश्नाला एकच चुकीचा ऑप्शन ठोकला होता, चौकशी केली तर ज्याने ग्रुपवर "आन्सर की" टाकली त्याचाच सातवा चुकलेला.

याच्या उलट एका सेमिस्टरला मी हट्टाने दर शुक्रवारी लॅबमध्ये बसवून कागदावर कोड ट्रेस करायला (ओळीओळीने काय घडतं ते लिहायला) लावला. लिंक्ड लिस्टमधला (एकमेकींना जोडलेल्या नोंदींच्या साखळीतला) एक नोड म्हणजे एक कडी काढायची, कुठला पॉइंटर (पुढची कडी दाखवणारा दुवा) आधी हलवायचा, बाण काढून दाखवा. फोन बॅगेत. पोरं जाम वैतागली, फॉर्मवर "टू मच लोड", "ऑनलाइन कोर्स आहे तर शुक्रवारी बसवता कशाला" वगैरे. पण त्या बॅचचा निकाल चांगला लागला. आता मला जाणकारांकडून समजून घ्यायचंय की समाधान आणि मार्क या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का नाही? कारण मॅनेजमेंट फक्त चांदण्या मोजतं.

खट्याळबोका:
चांदण्या मोजायला मॅनेजमेंट गच्चीवर जातं का? ह.घ्या. (हलके घ्या)

सांजवारा:
चांगला धागा. मी साताऱ्यात बीकॉम करता करता आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सवाला ऑनलाइन बीएस करतेय, म्हणून विद्यार्थ्याच्या बाजूने लिहिते. तिथे सुरुवातीलाच चार आठवड्यांचा क्वालिफायर असतो, दर आठवड्याला असाईनमेंट, त्यात ठरावीक सरासरी आली तरच पुढची परीक्षा देता येते. आणि महत्त्वाच्या परीक्षा केंद्रावर जाऊन. खरं सांगू का, डेडलाइन नसती तर मी पहिल्या महिन्यातच सोडून दिलं असतं. "कधीही बघता येतं" म्हणजे माझ्यासाठी "कधीच बघितलं जात नाही". बीकॉमच्या परीक्षा चालू असताना रात्री पावणेबाराला हॉटस्पॉट लावून सबमिट केलंय, नेट गोल गोल फिरतंय आणि खाली घड्याळ उलटं मोजतंय, तेव्हा मनात शिव्याच येतात. त्या क्षणी कोणी फॉर्म दिला असता तर एक चांदणी दिली असती. सहा महिन्यांनी पाच दिल्या. म्हणजे फॉर्म कधी भरून घेता यावरही आहे ना सर?

दुसरं म्हणजे शंका. व्हिडिओ कितीही भारी असू दे, मी एकदा फोरमवर प्रश्न टाकला आणि दुसऱ्या दिवशी टीएने (कोर्सच्या मदतनीस शिक्षकाने) माझ्याच कोडमधली ओळ कॉपी करून खाली लिहिलं होतं की इथे इंडेक्स एकने पुढे जातोय, प्रिंट लावून बघ. उत्तर दिलंच नाही, फक्त बघ म्हणाला. त्या दिवसापासून मला तो कोर्स "माझा" वाटायला लागला. यात व्हिडिओच्या क्वालिटीचा काही संबंधच नव्हता.

गोदाकाठ:
सांजवारा, +१.
आणि एक आठवण करून देतो की हे प्रश्न इंटरनेटने आणलेले नाहीत. आमचं नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ चं आहे, "ज्ञानगंगा घरोघरी". मी नोकरी करत तिथून पदवी घेतली तेव्हा ऑनलाइन कशाला, घरी लँडलाइनसुद्धा नव्हता. जाड पुस्तकं मिळायची, मराठीत, स्वतः वाचून समजावं अशी लिहिलेली, मधेमधे प्रश्न आणि मागे उत्तरं. आणि रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्र. त्या सत्रात शिकवायचे म्हणाल तर यथातथाच, पण तिथे एसटीचा कंडक्टर, अंगणवाडीच्या ताई, एक रिटायर्ड फौजदार अशी मंडळी भेटायची आणि "तुमचा स्वाध्याय लिहून झाला का?" असं एकमेकांना विचारायची. त्या प्रश्नाच्या धाकाने आम्ही लिहायचो. ज्यांना केंद्र लांब पडायचं आणि सत्राला यायला जमायचं नाही ते बहुतेक गळायचे. हुशारीत ते कमी होते असं अजिबात नाही.

थंडप्रदेशातून:
मी अमेरिकेत एका कम्युनिटी कॉलेजमध्ये (दोन वर्षांचे कोर्स देणारं स्थानिक कॉलेज) ऑनलाइन कोर्स डिझाइन करायचं काम करते, त्यामुळे हा विषय रोजच्या भाकरीचा. जरा लांब लिहिते, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

सरांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: समाधान आणि शिकणं यांचा संबंध लोक समजतात त्यापेक्षा खूप सैल आहे आणि कधीकधी उलटा असतो. २०१९ मध्ये हार्वर्डच्या फिजिक्सच्या वर्गात एक प्रयोग झाला, देलोरिये आणि मंडळींचा. तोच मजकूर, एका गटाला छान घोटीव लेक्चर, दुसऱ्या गटाला तेच प्रश्न आधी स्वतः गटात सोडवायला लावून मग समजावणं. दुसऱ्या गटाला टेस्टमध्ये जास्त मार्क पडले, पण "मी जास्त शिकलो" असं वाटलं पहिल्या गटाला. गुळगुळीत लेक्चर ऐकताना सगळं समजल्याचा भास होतो, आणि स्वतः सोडवताना डोकं अडखळतं तेव्हा वाटतं आपल्याला काहीच येत नाही. तुमच्या शुक्रवारच्या पॉइंटरचं हेच झालं.

त्याच्या आधी २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी साधी गोष्ट करून पाहिली, एक उतारा काहींना परत परत वाचायला दिला आणि काहींना एकदा वाचून न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. आणि आत्मविश्वास कोणाला जास्त होता? परत वाचणाऱ्यांना. व्हिडिओ दुसऱ्यांदा १.५ स्पीडने बघणं हे त्या परत वाचण्यासारखंच आहे असं माझं मत.

आता "कोणाला ऑनलाइन झेपतं" हा भाग, ज्यावर कमी बोललं जातं. वॉशिंग्टन राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांच्या सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांच्या ५ लाखांच्या आसपास कोर्स-नोंदी घेऊन शू आणि जॅगर्स यांनी अभ्यास केला होता (२०१४ मध्ये छापून आला). ऑनलाइनमध्ये सगळ्याच गटांची कामगिरी थोडी घसरते, पण मुलगे, वयाने लहान, कृष्णवर्णीय आणि आधीच कमी मार्क असलेले यांची जास्त घसरते. म्हणजे ज्याला आधाराची गरज जास्त त्यालाच ऑनलाइन जास्त महाग पडतं. आमच्याकडे कॉलेजं नेमकी अशाच मुलांना "तुम्ही नोकरी करता ना, मग ऑनलाइन घ्या" असं सुचवतात, तेव्हा मला मीटिंगमध्ये हात वर करावा लागतो.

खट्याळबोका:
एक शंका, हार्वर्डचा प्रयोग तर समोरासमोरच्या वर्गातला ना? धागा ऑनलाइनचा आहे. आता हलके नका घेऊ, सिरियसली विचारतोय.

थंडप्रदेशातून:
बरोबर पकडलंत, तो प्रत्यक्ष वर्गातलाच. मी तो "वाटणं आणि येणं यात फरक असतो" एवढ्यासाठी आणला. ऑनलाइनमध्ये तो फरक वाढायला जागा जास्त, कारण समोर मास्तर नसतो जो तोंडाकडे बघून ओळखेल की पोराला कळलेलं नाही.

रानमाळ:
यवतमाळ जिल्ह्यात जि.प. शाळेवर आहे. वरची चर्चा कॉलेजची आहे, मी चौथीचं सांगतो.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर वरून रोज अभ्यासमालेच्या लिंका यायच्या, "शाळा बंद, पण शिक्षण आहे", आम्ही त्या वर्गाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर ढकलायचो. जुलैपासून सह्याद्रीवर टिलीमिली ही शाळेच्या मुलांसाठीची मालिका सुरू झाली, ती चांगली होती, ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांनी बघितली. पण फोनचं गणित कोणी धरलंच नव्हतं. असर या शिक्षणविषयक पाहणीत २०२१ मध्ये ग्रामीण भारतात ६७.६% मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्या घरांतल्याही साधारण चौथ्या हिश्श्याच्या पोरांना तो वापरायला मिळत नव्हता. हे मला पाहणी न वाचताही माहीत होतं, कारण फोन बापाच्या खिशात आणि बाप सोयाबीन काढायला. संध्याकाळी बाप आला की चार्जिंग नाही, चार्जिंग झालं तर मोठ्या बहिणीचा दहावीचा क्लास आधी, मग धाकट्याचा नंबर लागेपर्यंत तो झोपलेला.

मग मी एक केलं. लिंका टाकणं बंद केलं (वर कळवलं नाही, हे इथंच राहू द्या), आणि पोरांना सांगितलं की पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचून व्हॉइस मेसेज पाठवा, बाप जेवायला बसला की दोन मिनिटं फोन मिळतोच. काय काय यायचं त्यात, मागे शेळी, कुकरची शिट्टी, आजी म्हणते "अगं जोरात वाच, सरले ऐकू नाही गेलं". प्रत्येकाला मी नाव घेऊन उत्तर द्यायचो, "पूजा, 'क्ष' छान जमला, आता पूर्णविरामाला थांबून वाच." ज्या दिवशी मी उत्तर द्यायला चुकलो त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या पोराचा मेसेज यायचा नाही. इतकं सरळ होतं ते. शाळा उघडल्यावर वाचनात जी पोरं टिकून होती ती हीच. (नाव बदललंय.)

सोनटक्का:
रानमाळ सर, __/\__
तेव्हा माझा मुलगा दुसरीत होता, पुण्यातली इंग्रजी शाळा, सकाळी साडेआठ ते साडेबारा सलग झूम, कॅमेरा ऑन कम्पल्सरी. आमच्याकडे टॅब, वायफाय सगळं होतं आणि तरी रोज रडारड. वर्गात सगळे म्यूट, बाईंनी नाव घेतलं की अनम्यूट करून "येस मिस". शाळेने पालकांचा सर्व्हे घेतला त्यात प्रश्न काय तर ऑडिओ स्पष्ट येतो का, पीपीटी आवडते का, शिक्षक वेळेवर जॉईन होतात का. सगळ्याला "हो" च लिहावं लागलं, कारण खरंच हो होतं! मुलाला हातचा घेऊन वजाबाकी येते का हे कोणी विचारलंच नाही.

चिंचोळीगल्ली:
कॅमेऱ्याबद्दल दोन शब्द. मी लॉकडाऊनमध्ये सेकंड इयरला होते, घर म्हणजे डोंबिवलीत वन रूम किचन, आम्ही पाच जणं. कॅमेरा चालू केला की मागे बाबा बनियनवर, आई पोळ्या लाटतेय, आणि वर्गातल्या मुली स्क्रीनशॉट काढतात की काय ही भीती. मी कॅमेरा बंद ठेवायचे तर सर म्हणायचे इंटरेस्ट नाही. एक मॅडम मात्र दर दहा मिनिटांनी चॅटमध्ये एक प्रश्न टाकायच्या आणि म्हणायच्या एन्टर दाबू नका, सगळ्यांनी टाइप करून ठेवा, मी तीन म्हणाले की एकदम पाठवा. एकाच वेळी साठ उत्तरं धबाधबा. कोण जागं आहे, कोणाला कळलंय सगळं त्यांना दिसायचं आणि कोणाचं घर दिसायचं नाही. त्या विषयात मला सगळ्यात जास्त मार्क होते आणि तोच विषय सगळ्यात जास्त आवडला पण. म्हणजे दोन्ही एकत्र होऊ शकतं की.

फळाखडू:
@चिंचोळीगल्ली, ही तीन म्हटल्यावर पाठवायची युक्ती झकास आहे, सोमवारपासून चोरतोय.

ढापण्या:
इथे अजून कोणी एमपीएससीवाल्यांचं बोललं नाही. मी एका ॲपवर दोन वर्षांचं पॅकेज घेतलं होतं, नाव घेत नाही. पहिल्या आठवड्यात ॲपनेच विचारलं रेटिंग द्या, आणि तेव्हा मी जाम उत्साहात, नवीन वही, नवीन पेन, दिले पाच. नंतर शेकडो तासांची रेकॉर्डेड लेक्चर्स तशीच पडून, रोज नोटिफिकेशन "तुमचा अभ्यास मागे पडतोय". शेवटी मी आणि पेठेतल्या अभ्यासिकेतले तिघं जण मिळून जुने पेपर वेळ लावून सोडवायला लागलो, एकमेकांचे तपासायचो, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. ॲपवर माझे पाच स्टार अजून तसेच आहेत.

गोदाकाठ:
ढापण्या, रेटिंग तुमच्या नवीन वहीला होतं 😀

रच्याकने (बाय द वे), व्हिडिओ लांब की छोटे याबद्दल कोणी सांगेल का? आमच्या सुनेच्या कोर्सचे व्हिडिओ पाच-पाच मिनिटांचे आहेत, ती म्हणते हेच शास्त्रीय.

थंडप्रदेशातून:
ते पाच-सहा मिनिटांचं प्रकरण २०१४ च्या एका अभ्यासातून पसरलं, ग्वो, किम आणि रुबिन यांनी एडेक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या चार कोर्सेसची व्हिडिओ बघण्याची सुमारे ६९ लाख सेशन्स तपासली. सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ लोक जास्त टिकून बघतात असं दिसलं, आणि स्टुडिओत खर्च करून काढलेल्यापेक्षा साधे, मास्तर टेबलाशी बसून बोलतोय असे व्हिडिओही चांगले चालतात. पण त्यांनी मोजलं ते बघणं. बघितलं म्हणजे आलं असं ते म्हणत नाहीत, पुढे सांगणारे मात्र तसं सांगतात. आमच्या इथे मॅनेजमेंटने सगळे व्हिडिओ कापून सहा मिनिटांचे करायला लावले, त्यात एक सलग सिद्धता पाच तुकड्यांत वाटली गेली, पहिल्या तुकड्यातलं गृहीतक शेवटी कोणाला आठवेना.

आणि पैशाचा मुद्दा राहिला. २०१९ मध्ये सायन्स मासिकात हार्वर्ड-एमआयटीच्या ओपन कोर्सेसची आकडेवारी आली होती, नाव नोंदवणाऱ्यांत कोर्स पूर्ण करणारे जेमतेम ३% च्या आसपास, पण पैसे भरून सर्टिफिकेटसाठी बसलेल्यांत निम्म्याच्या जवळपास. तेव्हा सरांच्या त्या हजार रुपयांना कमी समजू नका. अर्थात पैसे भरल्याने लोक टिकतात की टिकणारेच पैसे भरतात हे त्यावरून ठरत नाही.

खट्याळबोका:
आमच्या घरी उत्तर सोपं आहे, पैसे बापाने भरले असतील तर टिकत नाहीत.

सांजवारा:
भाषेचं पण आहे हो. पहिले दोन महिने मला इंग्रजी ॲक्सेंटच झेपत नव्हता, लाज वाटायची म्हणून बोलले नाही कुठे. मग मी व्हिडिओ थांबवून मराठीत वहीत लिहायला लागले, "हे फंक्शन काय करतं तर यादी घेतं आणि सगळ्यात मोठा आकडा परत देतं" असं. स्पीड एकच्या वर कधीच नेला नाही. मैत्रिणी दुप्पट स्पीडने संपवायच्या आणि मी मागे, पण पेपरला मला लिहिता यायचं. एनपीटेलच्या काही कोर्सची मराठी ट्रान्सक्रिप्टसुद्धा मिळते, सर तुमच्या पोरांना सांगा, बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

फळाखडू:
सगळ्यांचे आभार, वाटलं नव्हतं इतकं मटेरियल मिळेल. मी आता असं ठरवतोय, चुकत असेल तर सांगा. शुक्रवारचा तास ठेवणारच, शिव्या खाऊन. पण त्यात पहिली दहा मिनिटं मागच्या आठवड्याच्या असाईनमेंटमधला एक प्रश्न आकडे बदलून कागदावर, मार्क नाहीत, फक्त स्वतःला कळायला की टेलिग्रामवाला आपण का खरा आपण. आणि दर आठवड्याला निदान दहा जणांना मी स्वतः दोन ओळी लिहून देणार, रानमाळ सरांसारखं नाव घेऊन. साठ जमणार नाहीत, नोकरी आणि संसार आहे.

फीडबॅक फॉर्म मात्र बदलायचा आहे. शेवटच्या आठवड्याऐवजी चौथ्या आठवड्यात घेतला तर? आणि प्रश्न काय ठेवू? मॅनेजमेंटला चांदण्या लागतात त्यामुळे त्या काढता येणार नाहीत.

सोनटक्का:
"या आठवड्यात अडलं तेव्हा कोणाला विचारलंस?" हा एक टाका. उत्तर "कोणालाच नाही" आलं की समजा.

थंडप्रदेशातून:
चौथा आठवडा उत्तम, तेव्हा सुधारायला वेळ असतो. चांदण्यांच्या आधी दोन छोटे प्रश्न विषयाचे घाला, कोड ट्रेस करायचा एक आणि एक चूक शोधायचा. मग चांदण्या द्यायला लावा. नुकतंच अडखळलेला माणूस जरा खरी चांदणी देतो. आणि दोन्हीची उत्तरं एकाच शीटमध्ये शेजारी शेजारी ठेवा, मॅनेजमेंटला तीच शीट दाखवा.

फळाखडू:
शीटची आयडिया घेतली. पण मग सरासरी चांदण्या खाली येणार आणि माझं अप्रेझल मार्चमध्ये आहे.

रानमाळ:
मग पहिला फॉर्म एप्रिलमध्ये घ्या सर 😀